अमेरिकेतील वर्णद्वेष आणि कमी पैशांतले तीन चित्रपट

१९६७ सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेत 'गेस हू इज कमिंग टू डिनर' नावाचा चित्रपट प्रदर्शित झाला आणि अफाट चालला. एका सुखवस्तू, उदारमतवादी म्हणवणाऱ्या गोऱ्या कुटुंबातील मुलगी आपल्या नियोजित वराला घरी घेऊन येते आणि तो वर कृष्णवर्णीय निघतो, अशी त्याची कथा. मुलीच्या आईबापांची उदारमतवादाची परीक्षा त्या एका संध्याकाळी होते. चित्रपट रंजक आहे, कलावंत एकाहून एक आहेत, ते कोणी नाकारणार नाही. परंतु हा वर आहे तरी कोण, हे वाचकांनी पाहावे. तो डॉक्टर आहे, तोही साधासुधा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेत काम केलेला, देशोदेशी नाव झालेला. शिवाय देखणा, मृदुभाषी, मुलीच्या बापाची परवानगी मिळाल्याखेरीज लग्न करणार नाही असे म्हणणारा. सिडनी पॉइतिए या थोर नटाने ही भूमिका केली आहे. इतके सगळे गुण एका माणसात भरल्यावर मुलीच्या बापाला नकार देण्यासाठी कातडीच्या रंगाखेरीज दुसरे कारण उरतच नाही.

चित्रपट पाहून उठल्यावर मला एकच प्रश्न पडला. हा माणूस डॉक्टर नसता तर? रेल्वेच्या रुळांवर काम करणारा गँगमन असता, थोडा रागीट असता, लग्नाआधीचे एखादे मूल त्याच्या गाठीशी असते, तर त्याला त्या टेबलावर जेवायला बसवले असते काय?

हा प्रश्न माझ्या आधी इतरांना पडलेला होता आणि त्याचे उत्तर १९६४ सालीच एका चित्रपटाने देऊन ठेवले होते. मात्र तो चित्रपट हॉलिवूडच्या कोणत्याही स्टुडिओने काढलेला नव्हता. तो आणि त्याच्या आगेमागे निघालेले आणखी काही चित्रपट यांची ओळख करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याविषयी आस्था जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती तेथून हाकेच्या अंतरावर. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या, आणि डू बॉइस यांनी त्याला आदराने उत्तर दिले होते. पुढे १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावच ब्लॅक पँथरवरून घेतलेले. त्यांचे साहित्य आपल्याकडे वाचले गेले, त्यावर चर्चा झाल्या, अनुवाद झाले. त्यांच्या जगण्यावरचे चित्रपट मात्र आपल्यापर्यंत फारसे पोचले नाहीत. आपल्या थिएटरांतून अमेरिकेचे आले ते काउबॉय, मारधाड आणि फार तर पॉइतिए.

स्टुडिओवाले असे चित्रपट का काढत नव्हते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. हॉलिवूडने १९३० साली स्वतःसाठी एक आचारसंहिता तयार केली आणि १९३४ पासून ती कडक अमलात आणली. तिच्यात गोऱ्या आणि काळ्या स्त्रीपुरुषांचे संबंध पडद्यावर दाखवायला चक्क बंदी होती. ती बंदी १९५६ साली उठली. पण लिहिलेल्या नियमापेक्षा गल्ल्याचा नियम मोठा. दक्षिणेकडील राज्यांतील थिएटरमालक चित्रपट घेणार नाहीत, ही भीती प्रत्येक स्टुडिओच्या डोक्यावर टांगलेली असे. मेम्फिस शहरात लॉइड बिनफर्ड नावाचे एक सेन्सॉरप्रमुख होते. त्यांनी १९४७ साली 'कर्ली' हा लहान मुलांचा साधा विनोदी चित्रपट बंद पाडला. कारण काय, तर त्यातल्या शाळेत काळी आणि गोरी मुले एकत्र बसलेली दिसत होती! असे एक शहर हातचे गेले की नुकसान, दोन गेली की अधिक नुकसान. त्यापेक्षा विषयच नको, असा हा हिशेब होता. मी बँकेत नोकरी करतो; अशा हिशेबात आकडे बरोबर असतात आणि उत्तर चूक असते, एवढे मला कळते.

म्हणून ज्यांना खरे बोलायचे होते त्यांना स्टुडिओबाहेर पडावे लागले. ही वाट अगदीच नवी नव्हती. ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय लेखक-दिग्दर्शकाने १९२० सालीच 'विदिन अवर गेट्स' या चित्रपटात जमावाने केलेल्या हत्या पडद्यावर दाखवल्या होत्या. पण १९५१ साली मिशो वारले आणि त्यांच्या वाटेवर गवत उगवले. १९५० नंतर, नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात, ही वाट पुन्हा वापरात आली ती प्रामुख्याने काही गोऱ्या तरुणांकडून. त्याबद्दल पुढे लिहितो.

यांतला पहिला चित्रपट 'द इन्ट्रूडर', १९६२ सालचा. रॉजर कॉर्मन हा दिग्दर्शक भुताखेतांचे, राक्षसांचे स्वस्तातले चित्रपट आठ-दहा दिवसांत उरकण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्याने चार्ल्स ब्यूमाँट याची एक कादंबरी उचलली. कादंबरीला आधार होता खऱ्या घटनेचा. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य आहे असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला. त्यानुसार १९५६ च्या ऑगस्टमध्ये टेनेसी राज्यातील क्लिंटन या लहान गावी बारा कृष्णवर्णीय मुलेमुली गोऱ्यांच्या हायस्कुलात जाऊ लागली. गावात कुरकूर होती, पण प्रारंभी फारसे काही घडले नाही. मग जॉन कॅस्पर नावाचा एक सुशिक्षित तरुण बाहेरून आला, त्याने सभा घेतल्या, लोकांना पेटवले, आणि अखेर तेथे नॅशनल गार्डचे सैनिक बोलवावे लागले. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९५८ मध्ये, ती शाळाच सुरुंगाने उडवण्यात आली.

चित्रपटातही तसाच एक तरुण बसमधून उतरतो. स्वच्छ पांढरा सूट, हसरा चेहरा, बोलणे गोड. हॉटेलात व्यवसाय विचारतात तेव्हा तो स्वतःला समाजसुधारक म्हणवतो! विल्यम शॅटनर या नटाने हे काम केले आहे. पुढे तो 'स्टार ट्रेक'मुळे जगभर ठाऊक झाला, पण माझ्या मते त्याचे खरे काम हेच. हा समाजसुधारक घरोघर जातो, टेलिफोन करतो, एकेकाला विचारतो, तुम्हाला हे पसंत आहे का? लोकांच्या मनात जे होते पण उच्चारायची लाज वाटत होती, ते तो त्यांच्या तोंडून काढून घेतो. हा तपशील मोलाचा आहे. तो गावात विष आणत नाही. विष गावातच आहे, तो फक्त झाकण काढतो. पुढे चर्चमध्ये स्फोट होतो, धर्मोपदेशक मरतो, काळ्या मुलांची बाजू घेणाऱ्या गोऱ्या संपादकाला इतके मारतात की त्याचा एक डोळा जातो. मग हा तरुण त्याच संपादकाच्या मुलीला बापाच्या जिवाची भीती घालून एका काळ्या विद्यार्थ्यावर खोटा आरोप करायला लावतो, आणि जमाव त्या मुलाला शाळेच्या आवारातील झोपाळ्यावर बसवून शिक्षा द्यायला निघतो.

चित्रीकरण झाले मिसुरी राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातील छोट्या गावांत, १९६१ च्या उन्हाळ्यात, सुमारे तीन आठवड्यांत. खर्च ऐंशी-नव्वद हजार डॉलरच्या आसपास. स्टुडिओंच्या मानाने हा चहापाण्याचा खर्च म्हणावा. जमावात दिसणारे चेहरे तेथल्याच गावकऱ्यांचे आहेत. त्यांना पूर्ण पटकथा दाखवलेली नव्हती. भाषणाला टाळ्या वाजवणाऱ्या त्या लोकांतले कितीजण अभिनय करीत होते आणि कितीजण खरोखर टाळ्या वाजवत होते, हे पडद्यावर पाहून ठरवता येत नाही. कशाचा चित्रपट निघतो आहे हे उमगल्यावर धमक्या येऊ लागल्या. झोपाळ्याचा शेवटचा प्रसंग एका गावात सुरू झाला, तेथून हाकलल्यावर दुसरीकडे तसाच झोपाळा शोधावा लागला, आणि तो प्रसंग असा ठिकाणे बदलत कसाबसा पुरा झाला.

चित्रपटाला स्तुती मिळाली, पैसे मिळाले नाहीत. प्रत्येक चित्रपटावर नफा काढणाऱ्या कॉर्मनला येथे तोटा आला. पुढे तो चित्रपट भलत्याच भडक नावांनी पुन्हा विकण्याचा प्रयत्न झाला. कॉर्मनने यानंतर असा थेट सामाजिक चित्रपट काढण्याच्या फंदात न पडता पुन्हा भुतांकडे मोर्चा वळवला. २०२४ साली तो वारला तेव्हा मृत्युलेखांतून भुतांचे चित्रपट पुढे होते.

या चित्रपटात मला एक उणीव दिसते ती सांगतो. त्यात गोरा माणूस कसा बिघडतो हे बारकाईने आहे, पण काळा माणूस फक्त सोसणारा आहे. तो मुलगा शांत, धीराचा, निष्पाप. त्याच्या घरात काय बोलणे होते, रात्री त्याला झोप लागते का, हे फारसे कळत नाही.

दुसरा चित्रपट घरात शिरतो. 'वन पोटॅटो, टू पोटॅटो' हे मुलांच्या खेळातल्या मोजणीच्या गाण्यावरून घेतलेले नाव. साल १९६४, दिग्दर्शक लॅरी पियर्स, चित्रीकरण ओहायो राज्यातील पेन्सव्हिल गावी. ज्युली ही गोरी घटस्फोटित स्त्री, एका लहान मुलीची आई. नवरा मुलगी तान्ही असतानाच सोडून गेलेला. तिच्याच कारखान्यात फ्रँक हा कृष्णवर्णीय नोकरी करतो. दोघांची ओळख होते, हळूहळू प्रेम जमते. एका रात्री निर्मनुष्य चौकात ती दोघे लहान मुलांसारखी खेळत असतात, तेव्हा पोलीस येतो. काळ्या पुरुषाबरोबर रात्री गोरी बाई आहे म्हणजे ती कोण असणार, हे त्याने मनात ठरवलेलेच असते. फ्रँकला त्याच्यासमोर गप्प उभे राहावे लागते.

फ्रँकचे आईवडीलही या लग्नाच्या विरुद्ध असतात. बाप म्हणतो, यात आपल्यालाच भोगावे लागेल. आंतरजातीय विवाह केलेल्या जोडप्यांना हा बाप ओळखीचा वाटेल. पुढे नातू झाल्यावर म्हातारा निवळतो, घर सुखी होते, आणि नेमका त्याच वेळी पहिला नवरा परत येतो. आपली मुलगी काळ्या माणसाच्या घरात वाढते आहे हे कळताच त्याचे पितृप्रेम जागे होते आणि तो तिचा ताबा मागण्यासाठी कोर्टात जातो.

न्यायाधीश दुष्ट नाही. तो घर पाहतो, मुलीशी बोलतो, आई चांगली आहे हे मान्य करतो. आणि तरीही जगाची रीत पाहता मुलीच्या हिताचे म्हणून ताबा गोऱ्या बापाला देतो. गाडी निघते तेव्हा ती पोर आकांत करते. खलनायक म्हणून बोट दाखवावे असा माणूस सापडत नाही, म्हणून हा शेवट इतका जिव्हारी लागतो.

एक प्रसंग मात्र निकालाच्याही वर आहे. फ्रँक मोटारीत बसून उघड्यावरच्या सिनेमागृहात एकटाच काउबॉयचा चित्रपट पाहतो आहे. पडद्यावर गोरे आणि रेड इंडियन यांची लढाई चालू आहे. आयुष्यभर सभ्य राहिलेला हा माणूस अचानक ओरडू लागतो, इंडियनांना हाका मारून सांगतो की मारा त्यांना! वकिलाकडे, कोर्टात, पोलिसासमोर जे बाहेर पडले नाही ते एका खोट्या लढाईसमोर बाहेर पडते. बर्नी हॅमिल्टन या नटाचे हे काम विसरता येत नाही. पुरस्कार मात्र ज्युलीचे काम करणाऱ्या बार्बरा बॅरीला मिळाला, १९६४ च्या कान महोत्सवात, अ‍ॅन बॅनक्रॉफ्टबरोबर विभागून. तीही त्याला पात्र होती.

येथे कायद्याची दोन वर्षे सांगितली पाहिजेत. मिश्रविवाहांवर बंदी घालणारे कायदे १९६७ पर्यंत सोळा राज्यांत शाबूत होते. त्या वर्षीच्या जूनमध्ये 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. आणि मुलाच्या ताब्याचे काय? चित्रपटातल्यासारखाच खटला फ्लॉरिडात खरोखर घडला. गोऱ्या आईने कृष्णवर्णीयाशी लग्न केले म्हणून खालच्या न्यायालयाने मुलगी तिच्याकडून काढून बापाकडे दिली. १९८४ साली, म्हणजे चित्रपटानंतर वीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की समाजाच्या मनातले पूर्वग्रह कायद्याच्या आवाक्याबाहेर असतील, पण कायद्याने त्यांची चाकरी करता कामा नये. 'पामोर विरुद्ध सिडोटी' या नावाने हा निकाल प्रसिद्ध आहे. निकाल आईच्या बाजूने लागला खरा, पण दरम्यान बाप मुलीला घेऊन दुसऱ्या राज्यात गेला होता आणि ती आईला परत मिळाली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, त्या गँगमनकडे येतो. 'नथिंग बट अ मॅन' हा तो १९६४ सालचा चित्रपट.

मायकेल रोमर आणि रॉबर्ट यंग या दोघांनी तो लिहिला. दिग्दर्शन रोमरचे, छायाचित्रण यंगचे. रोमर जन्माने बर्लिनचा ज्यू. नाझी राजवटीत १९३९ साली ज्यू मुलांना आगगाडीने इंग्लंडला पाठवून वाचवण्यात आले, त्या मुलांत तो होता. यंगने १९६० साली नॅशव्हिलमधील विद्यार्थ्यांच्या सत्याग्रहावर दूरदर्शनसाठी माहितीपट केला होता. पुढे दोघांनी मिळून इटलीतील एका झोपडपट्टीवर केलेला माहितीपट दूरचित्रवाणी कंपनीने दाखवायलाच नकार दिला. १९६२ साली ही जोडी अमेरिकेच्या दक्षिण भागात हिंडली. कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या ओळखीने एका घरातून दुसऱ्या घरी जात, त्यांच्यात राहून त्यांनी ऐकले, पाहिले आणि मग पटकथा लिहिली. कथा अलाबामातली, पण काळे-गोरे एकत्र काम करणारी तुकडी घेऊन अलाबामात चित्रीकरण करणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. म्हणून ते न्यू जर्सीत केले गेले, १९६३ च्या उन्हाळ्यात. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वॉशिंग्टनच्या सभेचा तोच उन्हाळा. पैसा सगळा मिळून दोन-तीन लाख डॉलर.

डफ हा रेल्वेच्या टोळीत रूळ दुरुस्तीचे काम करतो. पगार बरा, रेल्वेच्या डब्यातच राहणे, आज येथे उद्या तेथे, मागे कोणी नाही. शाळाशिक्षिका असलेल्या जोसीशी त्याची गाठ पडते. ती धर्मोपदेशकाची मुलगी. तिचा बाप गोऱ्या अधिकाऱ्यांशी जुळवून घेऊन समाजासाठी चार गोष्टी पदरात पाडून घेणारा गृहस्थ. गावात पूर्वी एका माणसाची हत्या झाली, कोणी केली हे त्याला ठाऊक होते, आणि तो गप्प राहिला. या सासऱ्याला डफ जावई म्हणून नको आहे. म्हणजे जेवणाच्या टेबलाचा प्रश्न येथेही आहेच, फक्त टेबल काळ्यांचे आहे! आपल्या माणसांतल्या प्रतिष्ठितांना आपल्यातलाच अशिक्षित मजूर नकोसा होतो, ही गोष्ट हा चित्रपट लपवत नाही.

लग्न होते. संसार करायचा म्हणून डफ फिरतीची रेल्वेची नोकरी सोडून गावातल्या सॉ मिलमध्ये लागतो. तेथे तो सहज बरोबरीच्या कामगारांना म्हणतो की आपण एकत्र राहिले पाहिजे. संघटना काढली नाही, पत्रक वाटले नाही, नुसते बोलला. त्यांच्यातलाच कोणीतरी ते वर पोचवतो. दुसरे दिवशी फोरमन म्हणतो, या सगळ्यांसमोर सांग की तू तसे म्हणाला नाहीस. डफ सांगत नाही. नोकरी जाते. मग गावात दुसरीकडे जाईल तेथे नाव आधीच पोचलेले. कुठे काम नाही, कुठे काम आहे पण मजुरी अशी की त्यात घर चालत नाही. सासऱ्याच्या शब्दावर पेट्रोल पंपावर काम मिळते. तेथे गोरी टगी पोरे येऊन त्याच्या बायकोबद्दल घाणेरडे बोलतात. तो उलट बोलतो. ती मालकाला धमकावतात, आणि मालक, जो तसा वाईट नाही, त्याला काढून टाकतो.

या सबंध चित्रपटात कोणाला जाळले जात नाही, फासावर टांगले जात नाही. एक माणूस 'साहेब' म्हणत नाही, हसत नाही, मान खाली घालत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. आणि एवढ्यासाठी एक गाव त्याचे अन्न कसे तोडते, ते एकेका आठवड्याच्या पगारातून दाखवले आहे. बहिष्कार हा शब्द चित्रपटात नाही, पण तो कसा चालतो हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

आणि मग ती गोष्ट घरात येते. जोसी गरोदर आहे, ती समजूत घालते, मीही काम करीन म्हणते. तिचा हा समजूतदारपणाच डफला सहन होत नाही. एके दिवशी तो तिला ढकलतो, ती खाली पडते, आणि तो घर सोडून जातो. नायकाचा हात आपल्या गरोदर बायकोवर पडतो हे दाखवायला धैर्य लागते. प्रेक्षकाला वाटते, असे करू नको होते. दिग्दर्शक त्याची वकिली करीत नाही आणि त्याला राक्षसही ठरवत नाही. बाहेर गिळलेला अपमान घरात कोणाच्या अंगावर ओकला जातो, ते समोर ठेवतो. जोसीचे काम करणारी अ‍ॅबी लिंकन ही नामवंत जॅझ गायिका. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसते ते लिहून सांगता येणार नाही.

डफ आपल्या बापाकडे जातो. हा बाप दारूने पोखरलेला, मुलाला कधी न सांभाळलेला. ज्युलियस हॅरिस या रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाची ही पहिलीच भूमिका, आणि ती पाहून कोणी तसे म्हणणार नाही. बाप मोटारीतच मरतो. अंत्यविधीची नोंद करताना कारकून विचारतो, वय किती, जन्म कुठला? मुलाला उत्तर देता येत नाही. एक अख्खा माणूस जगून गेला आणि त्याची एका ओळीची नोंद करता येत नाही. आमच्या काउंटरवर वृद्ध माणसे खाते उघडायला येतात, जन्मतारीख विचारली की गोंधळतात, मग आम्ही एक जानेवारी टाकतो. हा प्रसंग पाहिल्यापासून तो रकाना भरताना माझा हात क्षणभर थांबतो.

त्यानंतर डफ बर्मिंगहॅमच्या गल्लीत परक्या बाईकडे वाढणारा, आपला आहे की नाही याचीही खात्री नसलेला लहान मुलगा उचलतो आणि त्याला घेऊन जोसीकडे परत येतो. नोकरी मिळालेली नाही. गाव बदललेले नाही.

डफचे काम करणारा आयव्हन डिक्सन, पार्श्वभूमीला मोटाऊन कंपनीची तेव्हाची नवी गाणी, कृष्णधवल छायाचित्रण, सगळे इतके साधे की चित्रपट पाहतो आहोत हे विसरायला होते. व्हेनिस महोत्सवात त्याचे कौतुक झाले. माल्कम एक्स यांचा तो आवडता चित्रपट होता असे सांगतात. पण तो लागला मुख्यत्वे मोठ्या शहरांतल्या कलात्मक चित्रपटांच्या थिएटरांत, जेथे कृष्णवर्णीय मजूर जात नसत. त्यांच्यापर्यंत तो पोचला तो पुढे, शाळांतून आणि चर्चमधून फिरणाऱ्या लहान प्रिंटवर.

आणखी दोन नावे घेतो. जॉन कॅसाव्हेटीसचा 'शॅडोज' १९५९ चा. त्यासाठी रेडिओवरून आवाहन केले आणि श्रोत्यांनी डॉलर-दोन डॉलर पाठवले. शर्ली क्लार्क या बाईंचा 'द कूल वर्ल्ड' १९६३ चा, हार्लेमच्या रस्त्यांवर तेथल्याच पोरांना घेऊन केलेला. त्यातल्या एका मुलीला न्यूयॉर्कमध्ये राहून समुद्र कधी दिसलेला नसतो; भुयारी रेल्वेने तेथे जाता येते हेच तिला माहीत नसते. 'ब्लॅक लाइक मी' मात्र मला पटला नाही. गोऱ्या नटाला काळा रंग फासून काळ्यांचे दुःख दाखवणे मला खोटे वाटते, हेतू चांगला असला तरी.

हे सर्व दिग्दर्शक गोरे होते, आणि हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. कथा एकाची, कॅमेरा दुसऱ्याचा. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाला त्या काळी दारच उघडत नव्हते. मेल्व्हिन व्हॅन पीबल्सला आपला पहिला मोठा चित्रपट फ्रान्सला जाऊन काढावा लागला, १९६७ च्या सुमारास. चार्ल्स बर्नेटने लॉस एंजेलिसच्या कत्तलखान्यात राबणाऱ्या मजुराच्या घरावर 'किलर ऑफ शीप' केला तो विद्यापीठातील विद्यार्थी म्हणून, दहा हजार डॉलरच्या आत, शनिवार-रविवारी चित्रीकरण करून. तो १९७७ साली तयार झाला, पण त्यातल्या गाण्यांच्या हक्कांचे पैसे भरायला नव्हते म्हणून २००७ पर्यंत रीतसर प्रदर्शित होऊ शकला नाही. तीस वर्षे! रोमरपाशी अर्थात एक गोष्ट होती. मुलांसमोर बापाचा मान जातो म्हणजे काय, हे त्याने बर्लिनमध्ये लहानपणी पाहिले होते. डफचे घर परके असूनही त्याला समजले ते बहुधा त्यामुळे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करण्यायोग्य चित्रपटांची यादी केली आहे. तिच्यात 'किलर ऑफ शीप' १९९० साली, 'नथिंग बट अ मॅन' आणि 'शॅडोज' १९९३ साली, 'द कूल वर्ल्ड' १९९४ साली घेतले गेले. आता यांतले बरेच चित्रपट घरबसल्या पाहता येतात. वाचकांपैकी कोणाला पाहायचे असतील तर डफच्या चित्रपटापासून सुरुवात करावी असे मी सुचवीन. तो दीड तासाचा आहे. भाषा दक्षिणेकडची, तोंडातल्या तोंडात बोललेली इंग्रजी. पहिली दहा-पंधरा मिनिटे काही कळत नाही असे वाटेल. इंग्रजी अक्षरे खाली येण्याची सोय असेल तर ती लावून घ्यावी. शक्य झाल्यास घरातल्या सर्वांबरोबर पाहावा. सॉ मिलच्या प्रसंगापर्यंत आलात की कोणाला काही समजावून सांगावे लागणार नाही.